खाली घातलेल्या नजरा

वाल्मिकनं भुवया उंचावून विचारलं, आणि भावेशनं नजर खाली घातली.

झालं ते एवढंच. दुसऱ्या कुठल्या कामावर हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. माणसं नजर खाली घालतातच. चपलेचा अंगठा तुटलाय का ते बघतात, नाहीतर उगीचच. पण सिल्वासाजवळच्या मसाटच्या त्या धाग्याच्या कंपनीत, मशीनच्या दोन रांगांमधल्या गल्लीत, नजर खाली घालणं म्हणजे बोलता बोलता समोरच्याच्या तोंडावर दार लावून घेणं होतं. शेडमधला आवाज असा की कानात बोळे घातले तरी तो दातांतून आत शिरायचा. तोंडानं बोलायची सोय नाही. हात कायम धाग्यात नाहीतर बॉबिनीत गुंतलेले. उरतात ते डोळे. तिथं चोपड्याकडचे होते, नवापूरचे होते, बिहार-ओडिशाचे होते, खडोलीचे वारली होते. घरी ज्याची त्याची भाषा, पण गल्लीत सगळ्यांची एकच. भुवया वर गेल्या की 'काय झालं?' एक डोळा बारीक करून मान मागं टाकली की साहेब येतोय. बुबुळं गोल फिरवली की चहाला चल. आणि दोन्ही डोळे घट्ट मिटून उघडले की 'कर चालू'. नवा माणूस आधी ही भाषा शिकायचा आणि मग काम. वाल्मिक तर या भाषेतला पंडित. घरी चार शब्द मोजून बोलणारा हा माणूस शेडमध्ये शिरला की असा काही सुटायचा की गल्लीच्या त्या टोकाचा माणूस त्याच्या डोळ्यांतला विनोद वाचून पोट धरून हसायचा.

त्यानं पुन्हा भुवया उंचावल्या. भावेश हातातल्या बॉबिनीकडं असा निरखून बघत राहिला, जशी काही ती आजच जन्माला आली होती. भावेश नवापूरचा, वाल्मिकनंच हाताला धरून कामाला लावलेला. त्याला ही भाषा त्यानंच शिकवलेली. वाल्मिकला तिसऱ्यांदा विचारायचं होतं, पण तेवढ्यात त्याच्या पापण्या मिटल्या. त्यानं मिटल्या नाहीत, त्या मिटल्या. कुणीतरी आतून दोरी ओढावी तशा घट्ट, गाल वर ओढून घेत. आत लालसर काळोख, बाहेर मशीनची घरघर, आणि मध्ये हा उभा. उघडल्या तेव्हा समोर भावेश नव्हता. नुसती गल्ली होती. वाल्मिकच्या मनात आलं, हा माझे डोळे मिटायचीच वाट बघत होता.

उन्हाळ्यात हे सुरू झालं. आधी नुसता डावा डोळा लवायचा. त्याची बायको कावेरी म्हणाली, पुरुषाचा उजवा लवला तर चांगलं, डावा लवला तर सांभाळून राहावं. मग दोन्ही लवायला लागले, आणि त्याचं काय फळ ते तिलाही ठाऊक नव्हतं. भिकादादा, म्हणजे वाल्मिकसारखा चोपड्याचाच, त्याच्याहून वयानं मोठा आणि खोलीला खोली लागून असलेला शेजारी, गल्लीत त्याला बघून तोंडावर हात ठेवायचा आणि चहाला भेटला की म्हणायचा, "कोन्ले डोया मारी ऱ्हायना रे वाल्मिक, या वयमा?" सगळे हसायचे. वाल्मिकही हसायचा. मग लवणं गेलं आणि मिटणं आलं. उन्हात मिटायच्या, पंख्याच्या वाऱ्यानं मिटायच्या, आणि सगळ्यांत जास्त मिटायच्या त्या माणसांत. सिल्वासाच्या बाजारात वांगी निवडणाऱ्या एका पोरीच्या भावानं त्याची गचांडी धरली होती. "बहन है मेरी," एवढंच तो म्हणत राहिला, आणि वाल्मिक काही सांगायला तोंड उघडतोय तोवर त्याच्या पापण्या पुन्हा तोच गुन्हा करून मोकळ्या झाल्या. त्या दिवसापासून त्यानं काळा चष्मा घेतला. मोटरसायकल भिकादादाच्या दारात लावून टाकली. संध्याकाळी नाक्यावर उभं राहणं बंद केलं. कावेरीनं विचारलं तर म्हणाला, धूळ फार असते.

दवाखान्यांत तर त्याच्या डोळ्यांनी त्याचा घातच केला. बाहेरच्या बाकावर बसलेला असताना दार शोधायला दुसऱ्याचा हात धरावा लागायचा, आणि डॉक्टरसमोर खुर्चीत बसला की पापण्या अशा शांत की जणू त्यांच्यासारखं सालस कुणी नाही. एकानं कोरडेपणा सांगून थेंब दिले. दुसऱ्यानं, वापीच्या मोठ्या दवाखान्यातल्यानं, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, पेन खिशाला लावलं आणि मऊ आवाजात विचारलं, "घरी काही ताण आहे का? एकदा मनाच्या डॉक्टरांनाही भेटून या." वाल्मिकला तो मऊ आवाज फार झोंबला. शहाण्या माणसाशी असं मऊ कुणी बोलत नाही. बाहेर आल्यावर कावेरी म्हणाली, जाऊ की मग, काय बिघडतं? त्यानं तिच्याकडं बघितलं. ही आत काय बोलली असेल, तो औषधाच्या खिडकीशी उभा होता तेव्हा? त्या दिवशी त्याच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. थेंबही त्यानं बंद केले. थेंबांत काय आहे कुणास ठाऊक.

आणि मग भिकादादाचं बोट. रोलरवर धाग्याचा गुंडाळा झाला होता आणि भिकादादा मशीन बंद करून तो आकड्याच्या सुरीनं कापत होता. बटणापाशी भावेश. भावेशला भिकादादा दिसत नव्हता, मध्ये मशीनचा खांब. म्हणून दोघांना दिसेल असा गल्लीच्या मध्यावर वाल्मिक उभा. हे काम नेहमीच असं चालायचं. भिकादादाचा हात बाहेर आला की वाल्मिकनं डोळे मिटून उघडायचे आणि भावेशनं बटण दाबायचं. भिकादादाचा हात आतच होता. वाल्मिक त्या हाताकडंच बघत होता, हे त्याला आजही नीट आठवतं, घामानं चकाकणारी बोटं आणि त्यांतली तांब्याची अंगठी. आणि मग त्याला काही दिसलं नाही. लाल काळोखात मशीन सुरू झाल्याचा आवाज ऐकू आला आणि त्यावरून भिकादादाची किंकाळी, त्या शेडमध्ये तोंडातून निघालेली आणि सगळ्यांना ऐकू गेलेली एकमेव गोष्ट. नख गेलं, पुढचं पेर चेपून गेलं. शिफ्टचे साहेब रमाकांत सर, रत्नागिरीकडचे, शांत माणूस. त्यांनी प्रत्येकाला बोलावून विचारलं. भिकादादानं सांगितलं, माझाच हात सरकला. भावेशनं सांगितलं, मला वाटलं हात निघाला. वाल्मिकला विचारलं तेव्हा तो म्हणाला, मी दुसरीकडं बघत होतो. सरांनी त्याच्याकडं जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "वाल्मिक, काही दिवस तू मागच्या बाजूला राहा. कच्च्या बॉबिनी चढवायच्या. जरा निवांत काम आहे."

निवांत! मागं कुणी नसतं. लोखंडी मांडण्या, त्यांच्यावर पांढऱ्या बॉबिनींच्या रांगा आणि आपण. त्याला कळेना की सरांना काय ठाऊक आहे आणि कुणी सांगितलं. भिकादादानं खोटं का सांगितलं? माणूस स्वतःच्या बोटाचं खोटं उगीच सांगत नाही. नंतर वापरायला त्यानं काहीतरी राखून ठेवलं असणार. बॉबिनी चढवता चढवता वाल्मिक हे सगळं मनात मांडायचा, मोडायचा, पुन्हा मांडायचा, आणि दर वेळी त्यात एक माणूस वाढायचा. भिकादादा हातावर पट्टी बांधून कामावर परत आला त्या दिवशी वाल्मिक मुद्दाम गल्लीत गेला. डोळ्यांनी विचारलं, 'दुखतं का?' भिकादादा त्याच्या सदऱ्याच्या गुंडीकडं बघत राहिला. मग पट्टीचा हात हलवून मशीनकडं वळला. आणि आज भावेश. दोघं नाहीत, सगळेच. तो जाईल तिथं गल्लीतली डोकी खाली जात होती, वाऱ्यानं पीक लवतं तशी. इतकी माणसं एकाच वेळी आपणहून असं करत नाहीत. त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं.

खोलीवर कावेरी. ती त्याच कंपनीत पॅकिंगला होती. बाजूच्या इमारतीत, बायकांच्या लांब टेबलांवर, तयार धाग्याचे कोन पिशव्यांत भरायचं काम. ती त्याच्या आधी घरी यायची. हल्ली तो आला की ती गॅसकडं तोंड करून बोलायची, भांड्यांशी बोलायची, निवडायच्या मेथीशी बोलायची. जेवायला वाढतानाही तिचं लक्ष ताटात. एके दिवशी त्याच्या ध्यानात आलं, किती तरी दिवसांत आपल्याला कावेरीचा फक्त भांगच दिसतोय. मग एका संध्याकाळी मोरीत चहाचे दोन पेले दिसले.

"कोन उनं व्हतं?"

"भिकादादा. बोट दाखवाले."

"माले नही दाखाडस, तुले दाखाडस?"

तिनं पेले विसळायला घेतले. हल्ली फोनवर सारखा तिचा भाऊ नथू असायचा, गावी रिकामा बसलेला, सिल्वासाला लावून दे म्हणून मागं लागलेला. वाल्मिक दारात आला की तिचा आवाज बारीक व्हायचा. बस, मग काय राहिलं? वाल्मिकच्या मनातली सगळी मांडणी एका फटक्यात जागेवर बसली. भिकादादा बोटाची साक्ष देणार, कावेरी डोक्याची साक्ष देणार, रमाकांत सर मऊ आवाजात गावी जा म्हणणार, आणि त्याच्या जागी नथू. एवढ्या वर्षांच्या संसारात कावेरीनं त्याच्याशी एकदाही खोटेपणा केला नव्हता, हे त्याला आठवलं. पण आठवलं तेही असं की, म्हणजे किती मुरलेली आहे बघा.

दुपारच्या जेवणाला त्यानं कँटीनमध्ये मनीषाला गाठलं. मनीषा पॅकिंगमधली, नंदुरबारची तरणी पोरगी, तोंडात तीळ न भिजणारी. कावेरीच्या टेबलावरच असायची. तो डबा घेऊन तिच्यासमोर बसला. ती घाईघाईनं भात कालवायला लागली.

"मनीषा, काय चाललंय तुमच्याकडं?"

"काय नाय वाल्मिकभाई. जेवून घ्या ना."

"माझ्याकडं बघून बोल."

"नको ना भाई."

"का? मी काय खातो का तुला?"

"तसं नाय हो. भाभीनं मना केलंय ना," ती बोलून गेली आणि घास तोंडातच ठेवून बसली.

"कोणत्या भाभीनं?"

आता सुटका नव्हती. पोरगी ताटालाच सांगायला लागली, "कावेरीभाभी. सबको बोला है. उनकी आँख में कोई मत देखो. तुमच्या शेडकडंपण जाऊन आली होती, गेटवर एकेकाला धरून सांगितलं. माझं नाव नका सांगू हां भाई, प्लीज."

वाल्मिकला पहिल्यांदा वाटला तो आनंद. होय, आनंदच; लपवण्यात अर्थ नाही. इतके दिवस जे एकट्यानं ओळखलं होतं ते खरं निघालं. आपण वेडे नाही. खरोखरच कट आहे, आणि त्याचं नावगाव आपल्या हाताशी आहे. मग ते नाव बायकोचं आहे हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं डब्याचं झाकण लावलं. 

त्यानं लगेच विचारलं नाही. संशयी माणसाला घाई नसते, त्याला आणखी पुरावा हवा असतो. सुट्टीच्या दिवशी सकाळी कावेरीच म्हणाली, दादऱ्याच्या बागेत जाऊ, किती दिवसांत गेलो नाही. तो हो म्हणाला. बागेत का? तिथं कोण येणार आहे? रिक्षात तो काळा चष्मा लावून कोपऱ्यात बसला आणि उतरल्यावर प्रत्येक झाडाखाली नथू शोधत राहिला, भिकादादा शोधत राहिला, पांढऱ्या डगल्यातला कुणी डॉक्टर शोधत राहिला. तळ्यावरच्या पुलावर जोडपी फोटो काढत होती. पायांनी मारायच्या होड्या पाण्यात घुटमळत होत्या. कुणाचं यांच्याकडं लक्ष नव्हतं, आणि तेही त्यानं मनात नोंदवून घेतलं, की ही माणसं फारच लक्ष नसल्यासारखं करतायत. कावेरीनं पाण्याकडेच्या बाकावर पदरानं धूळ झटकली, पिशवीतून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. ठेवताना बघितलं ते दशमीकडं.

"बठ्ठास्ले काय सांगेल से तू? मन्हा डोयास्मा कोनी देखू नका म्हनीसन?" त्यानं विचारलं.

तिचा हात थांबला. "कोनी सांगं तुमले?"

"ते सोड. तू सांगं का नही?"

"सांगं."

इतक्या सरळ उत्तराची त्याची तयारी नव्हती. "का बरं?"

"तुमन्याकडे कोनी देखं का डोया जास्ती मिटतस. मी देखेल से ना. तुमी एकला बसतस तवय उघडा ऱ्हातस. दारमाईन देखस मी." ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. "डाक्टरबी तेच म्हने. लोके देखतस म्हनीसन वाढस."

"कोन्ता डाक्टर?"

"सुरतना. भिकादादा लई गयथा माले. तुमी तं येवावूत नही, म्हनीसन मीच ईचारी उनी."

"माले येडा ठरवाले."

"येडा नही!" ती एकदम मोठ्यानं म्हणाली, आणि होडीतला एक बाप्या वळून बघायला लागला. मग ती आवाज उतरवून बोलू लागली. नसेचं दुखणं आहे, पापणीला मेंदूकडून चुकीचा हुकूम जातो. त्याची सुई असते, पापणीतच देतात, काही महिने बरं राहतं. आणि हे जे मनात येतं ना, सगळे आपल्या वाईटावर आहेत असं, तेही दुखण्याबरोबर येतं, बऱ्याच जणांना येतं, त्याचंही औषध आहे. हे सगळं ती पाठ केल्यासारखं म्हणाली, मध्ये एक जागा विसरली आणि मागं जाऊन पुन्हा म्हणाली.

"भिकादादा बरा उना तुना संगे. तेना बोट कोनामुये गया ठाऊक से का तेले?"

"पहिला दिनपाईन ठाऊक से. म्हने, वाल्मिकना डोया बोलना, वाल्मिक नही बोलना."

वाल्मिकला हे खरं वाटेना. इतकं चांगलं कुणी बोलत नाही. "आखो काय म्हने?"

"आखो शिव्या दिध्या. तुमले, तुमन्या डोयाले, कंपनीले. भलत्या शिव्या दिध्या."

हे मात्र खरं असणार. भिकादादाच्या शिव्या त्याच्या ओळखीच्या होत्या. आणि ते खरं असेल तर आधीचंही खरं असायला हवं, आणि मग इतक्या दिवसांची मनातली सगळी मांडणी कुठं ठेवायची? तो चिडला. चिडण्याशिवाय त्याला काही सुचेना. दशमी त्यानं बाकावर ठेवली आणि बोलायला लागला. तुला काय कळतं, तुमचं पॅकिंग म्हणजे बायकांची शाळा, दिवसभर तोंडं चालू. आमच्या शेडमध्ये तोंड नसतं. तिथं डोळ्यानंच हाक मारायची, डोळ्यानंच पाणी मागायचं, डोळ्यानंच मायबाप काढायचे. तिथं माझ्याकडं बघू नका म्हणून सांगितलंस? महिनाभर मी मुका आहे. महिनाभर माझ्याशी कुणी एक शब्द बोललेलं नाही. "मन्ही वाचा काढी लिधी तू, कावेरी."

कावेरीनं मान वर केली. ती शेडच्या दारापर्यंत गेली होती, आत कधी गेली नव्हती. तिच्या कानात तो आवाज कधी शिरलाच नव्हता. "माले काय ठाऊक?" ती म्हणाली. "त्यास्नी तरी सांगाले जोयजे व्हतं." त्यांनी सांगायला हवं होतं, हे तिचं बरोबर होतं. त्यांनी सांगितलं नाही, कारण त्या बोटानंतर त्यांनाही या डोळ्यांची भीती बसली होती, आणि कावेरीचं म्हणणं सगळ्यांच्याच सोयीचं पडलं होतं. एवढा संशय वाल्मिकनं स्वतःजवळ ठेवला, आणि तो चुकीचाही नव्हता.

 मग त्यानं काळा चष्मा काढून सदऱ्याच्या खिशात ठेवला. "आते देख," तो म्हणाला. "मन्हाकडे देख."

ती वळली. महिन्याभरानं त्याला बायकोचे डोळे दिसले, पिंगट, खाली काळं चढलेले, घाबरलेले. तेवढंच दिसलं. पापण्या आल्या आणि सगळं गेलं. उन्हाचा लाल काळोख. पाण्यात पोरांचा कालवा.

"देखी ऱ्हायनी का?"

"हा."

"कसं दिसस?"

हे त्यानं कुणालाच कधी विचारलं नव्हतं. आरशासमोर तो कितीदा उभा राहिला होता, पण पापण्या मिटल्या की आरसाही गेला. हा चेहरा बाजारातल्या पोरीनं पाहिला, तिच्या भावानं पाहिला, भावेशनं, सरांनी, साऱ्या गल्लीनं पाहिला. एकट्या त्यानं पाहिला नव्हता. लोक नक्की काय बघतात तेच ठाऊक नसलेला माणूस संशय नाही घेणार तर काय करणार?

 आता कावेरी म्हणेल, काही नाही, बरं दिसतं. तशी म्हणाली तर उठायचं आणि एकट्यानं रिक्षा धरायची, असं त्यानं ठरवूनही टाकलं.

"वाईट दिसस," ती म्हणाली. "मिरचीना हात डोयाले लागना तसं. नाक वर चढस. तोंड वाकडं हुई जास. पहिलींदा देखं तवय माले हासू उनं व्हतं."

"मंग?"

"मंग भ्या वाटनं. तुमी मझार कोठे गयात, आसं."

आतच होता तो, त्या लाल काळोखात. त्याचा हात आपोआप वर गेला. बोटानं पापणी वर ढकलली की क्षणभर दिसतं. ती खरंच बघतेय की पुन्हा पिशवीच्या बंदाकडं, एवढंच पाहायचं होतं. बोट भुवईला टेकलं. तिथंच राहिलं. मग त्यानं हात खाली घेतला आणि दोन्ही पंजे गुडघ्यांवर पालथे ठेवले.

"उद्या सरस्ले मीच सांगस," तो म्हणाला. "भिकादादाना बोटनं. मी कोठेच देखत नव्हतू, डोया मिटेल व्हता म्हनीसन. मंग ठेवतस का काढतस, देखू."

तिनं मान हलवली असेल. त्याला ती दिसली नाही.

"देखी ऱ्हायनी ना?" त्यानं पुन्हा विचारलं.

"हा," कावेरी म्हणाली, आणि हा 'हा' त्यानं तपासून पाहिला नाही.